कसब आपले, कागदही आपला हवा

विजेच्या कामावर जाणारी मुले आपल्या वस्त्यांत आज थोडी नाहीत. नायगाव, परळ, लालबाग, डिलाईल रोड, कोठेही पाहा. दहावी झाली किंवा मध्येच सुटली की मुलगा एखाद्या कंत्राटदाराच्या हाताखाली जातो. ज्या जागी त्याचे आजोबा गिरणीच्या भोंग्यावर कामाला जात, त्याच जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारतींत तो भिंतीला झिरी मारतो, पाइप बसवतो, वायर ओढतो. चारपाच वर्षांत त्याचा हात बसतो व एका मजल्याची संपूर्ण वायरिंग तो एकट्याच्या बळावर उभी करू शकतो. परंतु त्याचे नाव हजेरीवर ‘हेल्पर’ असेच राहते. काम त्याचे, घाम त्याचा, विजेचा झटका बसला तर जीवही त्याचाच. मात्र काम पुरे झाल्याच्या दाखल्यावर सही दुसऱ्याची. असे का व्हावे, आणि नवदीक्षित बौद्ध कुटुंबांनी याचा विचार का करावा, हे आज आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमाने असे ठरविले होते की, विजेच्या मांडणीचे काम परवानाधारक कंत्राटदारानेच करावे, ते सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावे, आणि हाताने काम करणाऱ्यापाशीही परवाना असावा. ते नियम जाऊन केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे आणि त्यानंतर २०२३ चे विनियम आले, तरी तत्त्व कायम राहिले. घरातील दिवा, पंखा, फ्यूज वा बटन बदलण्यास परवाना लागत नाही. परंतु नवी मांडणी, वाढ वा फेरफार करावयाचा तर लागतो. हे परवाने देण्याचे काम राज्य शासनाचे आहे. तात्पर्य, ज्याच्यापाशी कागद नाही तो कितीही कसबी असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो स्वतःच्या नावाने काम करू शकत नाही. तो जन्मभर दुसऱ्याच्या नावाखाली राबणार.

यावर काही सुशिक्षित बांधव म्हणतात की, हा कागदाचा आग्रह म्हणजे गरिबाच्या वाटेत घातलेला नवा अडसर आहे. आम्हांला हे मान्य नाही. वीज जात पाहत नाही, वशिलाही पाहत नाही. ती चूक पाहते. शिडीवर उभा असलेला मुलगा प्रशिक्षित असावा या नियमाने इमारतीतील रहिवाशांचे रक्षण होते, तसे त्या मुलाचेही होते. शिवाय आपल्या समाजाचा इतिहास काय सांगतो? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचा पगार चांगला होता, पण ते खाते अस्पृश्य कामगाराला बंद होते. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून स्पृश्य कामगार त्याला मागावर उभा राहू देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. लक्षात घ्या, त्या खात्याच्या दारावर कोणताही लेखी नियम नव्हता. परीक्षा नव्हती, म्हणून उत्तीर्ण होण्याची सोयही नव्हती. रूढीने बंद केलेले दार कोणत्या प्रमाणपत्राने उघडणार? उलट, लेखी अट कितीही कठीण असली तरी ती पुरी करता येते, आणि पुरी केल्यावर कोणी अडवले तर त्याला जाब विचारता येतो. ज्यांना रूढीने नागवले, त्यांनी लेखी नियमाला भिऊ नये. त्याचा उपयोग करावा.

तो उपयोग कसा करावयाचा? शासनाच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वीजतंत्री व तारतंत्री असे दोन व्यवसाय शिकवले जातात. दोहोंची मुदत दोन वर्षांची. वीजतंत्री होण्यास विज्ञान व गणित घेऊन दहावी उत्तीर्ण व्हावे लागते; तारतंत्रीला आठवी उत्तीर्ण चालते. मुलींनाही हे दोन्ही व्यवसाय खुले आहेत. यानंतर येते ती शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाप्रमाणे ती लेखी करारानेच होते. मुलगा अज्ञान असेल तर करारावर पालकाची सही लागते व कराराची नोंद व्हावी लागते. उमेदवाराला नियमाप्रमाणे विद्यावेतन द्यावे लागते, शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या संमतीवाचून जादा वेळ राबवता येत नाही, आणि कामावर अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर येते. मुदत संपल्यावर परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. कंत्राटदाराच्या शब्दावर चार वर्षे हेल्परकी करणाऱ्या मुलाला यांतील एकही हक्क मिळत नाही. त्याची उमेदवारी कायद्याला ठाऊकच नसते.

आता मुख्य गोष्ट. या अधिनियमात १९७३ च्या दुरुस्तीने कलम ३-अ घातले गेले. प्रत्येक नियुक्त व्यवसायात मालकाने अनुसूचित जाती व जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवाव्यात, असे ते सांगते. हे बंधन केवळ सरकारी कारखान्यांवर नाही, खासगी मालकावरही आहे. खासगी क्षेत्रात राखीव जागा नाहीत असे आपण नेहमी ऐकतो. नोकरीच्या बाबतीत ते खरे, पण शिकाऊ उमेदवारीच्या बाबतीत खरे नाही. २०१९ च्या नियमदुरुस्तीपासून ३० वा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. परळ, माटुंगा व लोअर परळ येथील रेल्वेचे कारखाने तर दरवर्षीच्या भरतीची जाहिरात देतात. परंतु नियमात आणखी एक वाक्य आहे, ते प्रत्येक पालकाने ध्यानी ठेवावे. राखीव जागेसाठी अनुसूचित जातीचा वा जमातीचा उमेदवार मिळाला नाही, तर ती जागा इतरांना देता येते. म्हणजे न मागितलेला हक्क आपल्यासाठी थांबून राहत नाही.

येथेच धम्मदीक्षेचा प्रश्न उभा राहतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदू धर्माबाहेरच्या व्यक्तीला अनुसूचित जातीत स्थान नव्हते. १९५६ साली ज्यांनी नागपूर व मुंबईत दीक्षा घेतली, त्यांनी या सवलतींवर पाणी सोडूनच ती घेतली. महाराष्ट्र राज्याने १९६० साली नवबौद्धांना आपल्या अखत्यारीतील सवलती दिल्या, पण केंद्राच्या कायद्यांखाली त्या मिळेनात. ३-अ कलम आले तेव्हाही बौद्ध मुलगा त्याच्या बाहेरच राहिला. दीर्घ लढ्यानंतर १९९० साली आदेशात दुरुस्ती होऊन हिंदू व शीख यांच्यासमवेत बौद्ध हा शब्द आला. तेव्हापासून, ज्याची मूळ जात राज्याच्या अनुसूचीत आहे, त्याचा हक्क बौद्ध झाल्याने जात नाही.

असे असूनही आमच्या कानावर दोन प्रकारच्या चुका येतात. काही पालक राखीव जागा जाईल या भीतीने अर्जावर धर्म ‘हिंदू’ लिहितात. हे असत्य आहे आणि निष्कारणही आहे. ज्या दिवशी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या दिवसाचा हा अपमान कशासाठी? दुसरे पालक, अधिक स्वाभिमानी, जातीच्या रकान्यातही केवळ ‘बौद्ध’ असे लिहितात. त्यांची भावना आम्ही जाणतो. जी जात टाकून दिली तिचे नाव पुन्हा का लिहावे, हा त्यांचा प्रश्न पोकळ नाही. परंतु कायदा येथे आपली श्रद्धा विचारत नाही. पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या अन्यायाची नोंद विचारतो. बौद्ध ही अनुसूचीतील जात नव्हे, म्हणून केवळ तेवढ्या शब्दावर केंद्राच्या कायद्याखालील दाखला अडतो. जखम बरी झाली तरी भरपाईच्या दाव्यात तिचा उल्लेख करावाच लागतो; त्याने कोणी पुन्हा जखमी होत नाही. धर्माच्या रकान्यात बौद्ध, आणि दाखल्यात पूर्वीच्या अनुसूचित जातीचा उल्लेख, हीच सत्याची व कायद्याची रीत आहे. अन्य अनुसूचित जातींतून नुकतेच धम्मात आलेल्या बांधवांनाही हेच लागू आहे.

शिकाऊ उमेदवारी म्हणजे नोकरी नव्हे, हेही आम्ही वाचकांपासून लपवू इच्छित नाही. मालकाने उमेदवाराला कामावर घेतलेच पाहिजे असे अधिनियम म्हणत नाही. २०१४ च्या दुरुस्तीने त्याने भरतीचे आपले धोरण ठरवावे एवढेच म्हटले आहे. रेल्वेत प्रशिक्षण पुरे केलेल्या तरुणांनी २० मार्च २०१८ रोजी माटुंगा व दादर यांच्या दरम्यान गाड्या अडवल्या. सकाळच्या गर्दीच्या वेळी शहराची वाहतूक थांबली, तेव्हा कोठे लोकांना कळले की प्रमाणपत्र हाती असलेली मुलेही रिकामी बसली आहेत. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या खटल्यात सांगितले आहे की, इतर गोष्टी समान असतील तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला थेट भरतीतील उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे. या निर्णयाचा आधार अर्जात व तक्रारीत घेतला पाहिजे. शासनाकडे आमची मागणी स्पष्ट आहे: प्रत्येक आस्थापनेने किती जागा राखल्या, किती भरल्या व किती इतरांना दिल्या, हे दरवर्षी प्रसिद्ध व्हावे. आकडा झाकलेला असेल तेथे कलम ३-अ कागदावरच राहणार.

बाबासाहेबांना या प्रश्नाचे महत्त्व केव्हाच उमगले होते. १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांना सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने यांत शिकाऊ म्हणून घ्यावे अशी मागणी केली. पुढे मजूरमंत्री असताना वीज हे खाते त्यांच्याकडेच होते, आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर वीजविकासाच्या धोरणसमितीपुढे त्यांनीच अध्यक्षपदावरून विचार मांडले. देशात वीज आली पाहिजे आणि ती आणणाऱ्या हातांत आपलेही हात असले पाहिजेत, अशी ही दुहेरी दृष्टी होती. विहारात आपण जे मंगलसुत्त म्हणतो, त्यातही शिल्प, म्हणजे हातचे कसब, हे मंगलांत गणले आहे. प्रामाणिक कसबावर जगणे हा सम्यक आजीव आहे. ते कसब दुसऱ्याच्या सहीखाली गहाण ठेवणे नव्हे.

म्हणून वाचकहो, आमची विनंती आहे. आपल्या घरात वा शेजारी असा हेल्पर असेल तर त्याला याच आठवड्यात तीन गोष्टी विचारा. तुझा करार लेखी झाला आहे काय? तुझ्या जातीच्या दाखल्यात धर्म आणि पूर्वीची जात नीट लिहिली आहे काय? परीक्षेला बसण्याचा दिवस तुला ठाऊक आहे काय? उत्तर नकारार्थी आले तर त्याला दोष देऊ नका, त्याच्याबरोबर कचेरीत जा. करारावरून वाद झाल्यास शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे लेखी तक्रार करा; त्याचा निर्णय पटला नाही तर तो कळल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते, ते दिवस वाया घालवू नका. प्रत्येक विहारात एक शिकलेला उपासक रविवारी तासभर हे अर्ज भरून देण्यासाठी बसला, तर जून-जुलैच्या प्रवेशाच्या दिवसांत कोणा मुलाची जागा कागदावाचून जाणार नाही. आपल्या मुलांनी या शहराच्या भिंतीभिंतीतून वीज नेली आहे. त्या कामाखाली आता त्यांची स्वतःची सही पडली पाहिजे.

जय भीम.