सुसरीचे पाणी आणि माणसाची होडी

सुसर बघायला पैसे मोजून होडीत बसायचे, असे आमच्या कापड्याकडच्या जुन्या माणसांना सांगितले तर ती हसतात. एका आजीने तर आम्हाला सरळ विचारले, "बाबा, जिला टाळायला आम्ही जन्मभर वाट वाकडी केली, तिच्या दारात तुम्ही पैसे देऊन जाता?" आजीचा प्रश्न काही चुकीचा नाही. पण मुंबई-ठाण्याहून सुट्टीत गावी येणारी आपली मुले आता हाच हट्ट धरतात. मोबाईलवर त्यांनी मगर पाहिलेली असते. ती खरी, जिवंत, पिंजऱ्याबाहेर आपल्याच नदीत आहे म्हटल्यावर त्यांना दम निघत नाही. तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, या वेळी आम्ही ठरवले की या विषयावर चार गोष्टी नीट लिहाव्यात.

पहिली गोष्ट नावाची. आपण कोकणात जिला सुसर म्हणतो ती खरे तर मगर. पुस्तकातली सुसर, म्हणजे लांब बारीक तोंडाची घडियाल, ती उत्तरेकडच्या नद्यांतली, आपल्याकडे नाही. आपली ती गोड्या पाण्यातली मगर, रुंद नाकाडाची. पण सुसर हा शब्दही टाकाऊ नव्हे, फार जुना आहे. पालीत तो सुंसुमार असा येतो. भगवान बुद्धांनी आठवा वर्षावास ज्या ठिकाणी केला, त्या भग्गांच्या देशातल्या ठिकाणाचे नावच सुंसुमारगिरी. आणि वानराचे काळीज मागणाऱ्या सुसरीची जी गोष्ट आपण मुलांना सांगतो, ती सुंसुमार जातकातही आहे. बायकोच्या डोहाळ्यासाठी नवरा वानराला पाठीवर घेऊन निघतो आणि वानर म्हणते, काळीज तर मी उंबराच्या झाडावर टांगून आलो. म्हणजे आपल्या आया-आज्यांच्या तोंडचा हा शब्द अडाणी नाही, अडीच हजार वर्षांचा आहे.

आता नदी. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. आमच्याकडचे वरचे ओढे-नाले एप्रिलमध्ये कोरडे पडतात, हंड्यासाठी बाया मैलभर चालतात. महाडजवळ मात्र नदीला बारमाही पाणी असते. खोल डोह आहेत, मातीचे उंच काठ आहेत, मासे आहेत. मगरीला आणखी काय हवे? दादली पुलावर थंडीच्या दिवसांत सकाळी नऊ-दहाच्या सुमारास उभे राहावे. काठाला लागून पडलेला एखादा ओंडका दिसतो. बराच वेळ तो ओंडकाच वाटतो. मग तो तोंड उघडतो आणि उघडेच ठेवतो. लोक म्हणतात भूक लागली. तसे नाही. मगरीचे रक्त आपल्यासारखे आतून तापत नाही, तिला उन्हातूनच ऊब घ्यावी लागते, आणि ती जास्त झाली की तोंड उघडून बाहेर टाकावी लागते.

महाडच्या या मगरी आता शास्त्रज्ञांच्या लिखाणातही गेल्या आहेत. २०२३ साली 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा' या शोधपत्रिकेत उत्कर्षा चव्हाण आणि मनोज बोरकर यांचा सावित्रीतल्या मगरींवर एक लेख आला. त्यातल्या तीन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. एक, या मगरी मिळून मासे धरतात, अंगाचा बांध घालून मासे उथळ पाण्याकडे रेटतात. दुसरी, नदीत माणसे झेंडूच्या माळा टाकतात, त्या पिवळ्या फुलांत जाऊन मगरी पडून राहतात. नदीत शहराचे सांडपाणी मिसळते, कातडीला रोग जडतात. झेंडूत जंतू मारणारे गुण असतात, म्हणून तर मगरी फुलांकडे जात नसतील ना, अशी शंका लेखकांनी घेतली आहे. तिसरी गोष्ट फार गाजली. भटक्या कुत्र्यांनी पाठलाग केलेले एक लहान कुत्रे नदीत शिरले. समोर तीन मोठ्या मगरी. त्यांनी त्याला खाल्ले नाही; नाकाडाने ढकलत काठाच्या अशा जागी नेले की जिथे ती कुत्री नव्हती. पेपरांनी लगेच मगरीला दया आली म्हणून छापले. आमचे मत जरा वेगळे. दया असेलही, पण त्या दिवशी मगरींचे पोट भरलेले नव्हते असे आपण कशावरून म्हणायचे? एका कुत्र्याच्या गोष्टीवर विसंबून आपले पोर कुणी पाण्यात सोडू नये, एवढ्यासाठीच हे लिहिले.

होडीतून मगर पाहायची तर आपल्याकडून जवळचे ठिकाण म्हणजे चिपळूण. वाशिष्ठीच्या खाडीत गोवळकोट, मालदोली या बाजूला अशा फेऱ्या चालतात. या नदीची एक गंमत आहे. महाबळेश्वरच्या डोंगरात उगवणारी कोयना खरे तर पूर्वेला कृष्णेकडे जाते. पण तिचे धरणातले पाणी बोगद्यांतून घाटाखाली सोडून पोफळीला वीज करतात आणि ते पाणी कोळकेवाडीवरून वाशिष्ठीत येते. म्हणजे वाशिष्ठीला उन्हाळ्यातही घाटावरचे गोडे पाणी मिळत राहते. एकाच डोंगराच्या पाण्यावर सांगलीच्या कृष्णेतली मगर, महाडच्या सावित्रीतली मगर आणि चिपळूणची मगर अशा तिघी जगतात!

गेल्या थंडीत आम्ही पाच-सहा कुटुंबे मिळून गेलो होतो. बाया, पोरे, दोन म्हाताऱ्या, सोबत भाकरी-सुक्या बोंबलांची चटणी. होडीवाल्याने पहिल्यांदा भरती-ओहोटीचे गणित सांगितले. ओहोटी लागली की दोन्ही काठांचा चिखल उघडा पडतो आणि त्या चिखलावर मगरी ऊन खायला येतात. भरतीत गेलात तर नुसती खारफुटी आणि बगळे बघून परत यावे लागते. त्याने इंजिन अलीकडेच बंद केले आणि काठीने होडी रेटली. पहिली मगर दिसली तेव्हा पोरे ओरडणार म्हणून आयांनी त्यांची तोंडे दाबली, आणि त्या आयाच "अगं बाई!" म्हणून ओरडल्या. मगर शांतपणे पोटावर घसरत पाण्यात गेली. लाट नाही, आवाज नाही. पुढे मोठमोठ्या तीन दिसल्या, एक तर होडीच्या निम्म्याहून लांब. वाढलेला नर तीन-चार मीटरचा असतो, म्हणजे चाळीतल्या आपल्या खोलीत तो सरळ झोपला तर दाराबाहेर शेपटी राहील.

होडीवाला माणूस आम्हाला फार आवडला. बाप-आजा मासेमारीवर जगले, आता खाडीत मासा कमी झाला, म्हणून चार महिने तो हे करतो. आम्ही विचारले, मगरींनी जाळी फाडली तर राग येत नाही का? म्हणाला, "येतो तर! पण आता तीच घर चालवते, साहेब." कुठल्याही भाषणापेक्षा हे एक वाक्य आम्हाला मोलाचे वाटले. मगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला मारणे, पकडणे, अंडी उकरणे हा मोठा गुन्हा आहे. कातड्यासाठी शिकार होऊन ती संपत आली होती, तेव्हा १९७५ साली सरकारला मगर वाचवण्याची खास योजना हाती घ्यावी लागली. पण नुसत्या कायद्याने ती जगत नाही. काठावरच्या गरीब माणसाचे तिच्यावर पोट चालले, तर तो तिला राखतो. गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यातही पर्यटकांना होडीतून मगरी दाखवतात. त्याच कालव्याकाठी पौष महिन्यात काही गावांतले कष्टकरी लोक चिखलाची मगर करून, अंगावर शिंपले लावून तिला मान देतात. पूजाअर्चा आपला विषय नाही. पण खाडीचे बांध राखणाऱ्या माणसाला पाण्यातल्या जनावराशी जमवून घ्यावे लागते, हे त्यांनी ओळखले आहे, आणि ते आम्हाला कळते.

आता महाडचा प्रश्न. आमच्या तालुक्यातली कित्येक पोरे बारावी होऊन मुंबईला सिक्युरिटीच्या नोकरीला जातात. महाडला होडी सुरू झाली तर दहा-वीस घरांना काम मिळेल, असे तरुण मंडळी आम्हाला म्हणतात. दरवर्षी २० मार्चला चवदार तळ्यावर लाखो लोक येतात, तिथून नदी हाकेच्या अंतरावर आहे. विचार वाईट नाही. पण एक-दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात असे आम्हाला वाटते.

एक म्हणजे पूर. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड बुडाले, त्याच दिवशी तळियेत दरड कोसळली. त्या आठवणीने आजही अंगावर काटा येतो. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला, जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली अशा दोन एस.टी. गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. शोधकार्य करणाऱ्यांपुढे तेव्हा पाण्याचा ओढा होता आणि मगरींची भीतीही होती. २०२१ नंतर नदीतला गाळ काढण्याचे काम हाती घेतले गेले, आणि ते व्हायलाच हवे होते. ज्याच्या घरात छपरापर्यंत पाणी आले, त्याला गाळ काढू नका असे कोणत्या तोंडाने सांगणार? एकेकाळी महाडपर्यंत गलबते येत, तेवढे पात्र खोल होते. पण गाळासोबत काठ आणि बेटेही खरवडली, तर मगर अंडी घालणार कुठे? उन्हाळ्यात ती काठाच्या मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते. दोन महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, पिले आतून आवाज करतात तेव्हा आई खड्डा उकरते आणि त्यांना तोंडात धरून पाण्यात सोडते. मातीच्या उबेवर नर की मादी हेसुद्धा ठरते. काठ गेले तर ती दुसरीकडे जागा शोधणार, आणि ती जागा एखाद्या वाडीच्या पाणवठ्याशीही असू शकते. म्हणून कुठला काठ खरवडायचा आणि कुठला राखायचा, हे आधी वनखात्याला विचारून ठरवावे, एवढीच आमची मागणी आहे.

दुसरे म्हणजे कोंबडीच्या दुकानांचा कचरा. पिसे, आतडी रातोरात नदीत ओतली जातात. मगरीला आयते मिळाले की ती त्या घाटावर रोज येते, आणि सकाळी त्याच घाटावर आपल्या बाया धुणे घेऊन जातात. पर्यटकाला मगर जवळून दिसावी म्हणून मांस टाकणारा होडीवाला कुठे भेटलाच, तर त्याच्या होडीत बसू नये. सांगलीकडे कृष्णाकाठी मगरीने माणसे ओढल्याच्या घटना घडल्या आहेत. चिपळुणात तर २०२४ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मगर भर रस्त्यावर चालताना लोकांनी पाहिली.

नोकरी कारकुनाची असल्याने कागदाचे थोडे सांगतो. मगरीच्या हल्ल्यात माणूस दगावला तर शासनाकडून वारसांना आर्थिक मदत मिळते. वाघ-बिबट्यांच्या यादीत मगरीचेही नाव आहे. २०२३ साली ही रक्कम २५ लाख रुपये करण्यात आली. पण आपल्या माणसांना हे ठाऊक नसते आणि दुःखाच्या भरात कागद राहून जातात. घटना होताच वनखात्याला आणि पोलिसांना कळवावे, पंचनामा आणि शवविच्छेदन करून घ्यावे, त्याची प्रत मागून घ्यावी. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. घरात मगर शिरली तरी हाच क्रमांक फिरवावा. काठ्या घेऊन पोरांनी शौर्य गाजवू नये.

नदीवर जाणाऱ्या बायांनी पहाटे व तिन्हीसांजेला गुडघाभर पाण्यात उतरू नये. उथळ दगडावर, चौघीजणींनी मिळून धुणे करावे. काठाच्या मातीत ताजा खड्डा किंवा पोटाने घासलेली वाट दिसली तर ती जागा सोडावी, विशेषतः मार्च ते जून.

होडीने जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. पावसाळ्यात पाण्यात उतरू नये. आधी होडीवाल्याला ओहोटीची वेळ आणि भाडे विचारावे. अंगात घालायची तरंगणारी जाकिटे पोरांच्या मापाची आहेत का ते डोळ्यांनी बघावे, नसतील तर फेरी रद्द करावी, भाड्याकडे बघू नये. हात पाण्यात सोडू नयेत. पोलादपूर किंवा महाडहून सकाळच्या एस.टी.ने चिपळूण गाठता येते. पण ओहोटी पहाटेची असेल तर आदल्या रात्रीच चिपळुणात मुक्काम करावा लागतो. डबा घरचाच न्यावा, उरलेले मात्र पाण्यात न टाकता पिशवीत बांधून परत आणावे.