आधी नाते सांगा, मग पुतळा उभारा

लवासा या डोंगरी शहराच्या प्रकल्पाविषयीची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये निकाली काढली. याचिकाकर्ते फार उशिरा आले, म्हणून दिलासा मिळाला नाही. मात्र एक गोष्ट न्यायालयाने नोंदवून ठेवली. कृष्णा खोरे विकास महामंडळाची मुळशीतली जमीन 2002 मध्ये या प्रकल्पाला भाडेपट्ट्याने देताना तत्कालीन पाटबंधारेमंत्री अजित पवार यांनी प्रकल्पाशी असलेला आपला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संबंध उघड केला नाही, ही कर्तव्यातली कसूर दिसते, असे न्यायालयाने म्हटले. तोवर डोंगर फोडून झाले होते, इमारती उभ्या राहिल्या होत्या.

जमिनीचा निदान सातबारा असतो. पुतळे, वेशीवरच्या कमानी, शाळेच्या भिंतींवरची चित्रे यांचे काय? गावोगावी त्यांवर सार्वजनिक पैसा खर्च होतो आणि हितसंबंध लपायला इथे जागाही जास्त. खडी-सिमेंटला बांधकाम खात्याची दरसूची आहे. ब्राँझचा भाव किलोवर काढता येतो, चेहऱ्यावरच्या भावाचा दर कुठल्या दरसूचीत सापडणार? मग तीन कोटेशने येतात. लेटरहेड तीन, पण टायपिंगची चूक तिन्हींत एकच! फाइल मात्र चोख.

कायदा अगदीच मुका नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 नुसार पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा असलेला सदस्य अपात्र ठरतो. पण हे कलम बहुतेकदा हाताशी येते ते बिल निघाल्यावर, तेही विरोधी गट तक्रार घेऊन गेला तर. शिवाय सदस्य सोडून बाकीच्यांचे काय? शिल्पकार सुचवणारा सल्लागार, चौथऱ्याचा ठेकेदार, काम नीट झाल्याचा दाखला देणारा अभियंता यांचे आपसातले लागेबांधे कोणीच विचारत नाही. पुतळ्यांबाबतच्या 2017 च्या शासन निर्णयात मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता सक्तीची आहे. त्याचा भर परवानग्यांवर आहे.

परवानगीचा कागद किती पुरतो, ते मालवणात दिसले. राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा 35 फुटी पुतळा 4 डिसेंबर 2023 ला उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. आपण सहा फुटी मातीच्या मॉडेलला मान्यता दिली होती, प्रत्यक्ष उंची कळवलीच गेली नाही, असे तेव्हाच्या कला संचालकांनी सांगितले. निधी राज्याचा, काम नौदलाकडून, मान्यता तिसऱ्याची. मालवणात कोणाचे कोणाशी साटेलोटे होते, असे इथे म्हणायचे नाही. पण निवड कोणी आणि कशाच्या आधारे केली, याचे उत्तर लोकांना पुतळा पडल्यावर शोधावे लागले. दुसऱ्या वेळी 60 फुटी पुतळ्यासाठी जाहीर निविदा निघाली, शंभर वर्षे टिकण्याची आणि दहा वर्षे देखभालीची अट आली. हे आधी करायला कोणी अडवले होते?

कोसळलेल्या पुतळ्याचा शिल्पकार तरुण आणि अननुभवी होता, यावर तेव्हा बरेच बोलले गेले. पण वॉशिंग्टनचे व्हिएतनाम युद्धस्मारक 1981 मध्ये ज्या माया लिनच्या आराखड्यावरून ठरले, ती 21 वर्षांची विद्यार्थिनी होती. चौदाशेंहून अधिक आराखडे आले होते, त्यांवर नावे नव्हती, फक्त क्रमांक होते. परीक्षकांना नाव दिसलेच नाही, तर ओळख कामाला येणार कशी? ते स्मारक देणग्यांतून झाले. करदात्याचा पैसा असेल, तर निदान एवढी शिस्त हवीच.

मुळशीत हे करायला मंत्रालयाची वाट पाहायची गरज नाही. निवड समितीतल्या प्रत्येकाने, सल्लागाराने आणि अभियंत्याने कामाच्या आधी एका पानावर लिहून द्यावे: शिल्पकार, ओतकाम करणारा, ठेकेदार यांपैकी कोणाशी आपले नाते, भागीदारी किंवा देणेघेणे आहे का. असेल त्याने त्या बैठकीतून उठून बाहेर जावे आणि तसे इतिवृत्तात लिहिले जावे. ज्याने शिल्पकार सुचवला त्याच्याच सहीने बिल निघू नये. ते पान पंचायतीच्या फलकावर लावावे. छोट्या तालुक्यात सगळेच एकमेकांचे पाहुणे, ही सबब ठरलेली आहे. पाहुणे असण्याला कोणाची हरकत नाही, ते आधी सांगा.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत कमानीचा किंवा पुतळ्याचा ठराव आला, तर मुळशीकरांनी अंदाजपत्रकाच्या आधी हे पान मागावे आणि ते मिळेपर्यंत ठरावाला हात वर करू नये.