आज्याची जात सापडली, आजा कुठे हरवला?

आमच्या वस्तीतल्या एका पोराला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जात पडताळणी करायची होती. अनुसूचित जातीच्या माणसाला आपले कुटुंब १० ऑगस्ट १९५० पूर्वी महाराष्ट्रात राहत होते, हे कागदाने सिद्ध करावे लागते. म्हणून बापलेक रजा काढून कोकणातल्या गावी गेले. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, जिला कोतवाल बुक म्हणतात, आज्याच्या नावाची ओळ सापडली. नाव, बापाचे नाव आणि पुढे जात. काम झाले म्हणून दोघेही खूश होऊन परतले. आम्ही पोराला सहज विचारले, "आजा मुंबईला कधी आला? का आला? कुठे कामाला होता?" तो म्हणाला, "गिरणीत होते बहुतेक."

हे 'बहुतेक' आम्हाला खुपते. सरकारी दप्तराने आमच्या आज्याची जात ऐंशी-नव्वद वर्षे जपून ठेवली आणि आम्हाला मात्र त्याचे आयुष्य दोन पिढ्याही जपता आले नाही! ज्या जातीच्या जाचातून सुटण्यासाठी तो गाव सोडून निघाला, तेवढी जातच त्याच्या मागे उरली. त्याचे निघणे पुसले गेले.

मित्रांनो, 'वारसा' हा शब्द आज कोणाच्या मालकीचा आहे ते पाहा. वारसा म्हटले की वाडा, देवघर, वंशावळ, पणजीची पैठणी आणि तिच्या हातच्या पाककृती. ज्यांच्या आज्याला गावात हक्काची जमीन नव्हती, पाणवठ्यावर जागा नव्हती, त्यांनी वारसा म्हणून काय दाखवायचे? उत्तर सरळ आहे. आमच्या आज्या-आजीने गाव सोडले, हाच आमचा वारसा आहे.

"पोटासाठी आले हो सगळे मुंबईला" असे म्हणून हा इतिहास गुंडाळला जातो. पोट होतेच. पण कुणब्याचा पोरगा गिरणीत आला तेव्हा त्याचे घर, शेत, देऊळ गावात त्याची वाट बघत होते. आमच्या माणसाची वाट बघत होती ती वेठबिगार, मेलेली ढोरे आणि पाटलाची हाक. महारवतन हे इनाम नसून गुलामीचा करार आहे, हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध बिल आणले. वतने कायद्याने संपायला पुढे तीस वर्षे लागली. पण त्याआधीच ज्या माणसाने वळकटी बांधून बोटीची नाहीतर रेल्वेची वाट धरली, त्याने आपल्यापुरते ते वतन पायाने रद्द केले होते. खेडे म्हणजे संकुचितपणाचे डबके, हे बाबासाहेब १९४८ साली संविधान सभेत बोलले. आमच्या आज्याने ते न बोलता करून दाखवले होते.

खुद्द बाबासाहेबांचे घराणे तरी वेगळे कुठे होते? मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, जन्म महूचा, बालपण साताऱ्यात आणि मग रामजी सुभेदारांनी मुलांच्या शिक्षणासाठी गाठलेली मुंबई, परळच्या चाळीतली खोली. रामजींनी ते बिऱ्हाड हलवले नसते तर काय झाले असते, याचा विचार करा!

शहराने आम्हाला मिठी मारली असेही कोणी समजू नये. गिरणीत विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथे अस्पृश्यांना मज्जाव. कारण काय, तर धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि आमच्या थुंकीने सवर्ण कामगार बाटला असता! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला तेव्हा त्यांना तो अडचणीचा वाटला. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) उघडा. कावाखान्यातल्या बायका रस्त्यावरच्या चिंध्या, कागद, काचा वेचून घर चालवताना दिसतील. गाव सुटले तरी जात तिकीट न काढता सोबत आली होती. तरीही ही माणसे परतली नाहीत. का परतली नाहीत, हे आपल्या पोरांना सांगितले आहे का आपण?

आता थोडे आपल्याच घरात पाहू. आपल्यातला नोकरदार वर्ग मुलांना महागड्या शाळेत घालतो, पण आजीने चिंध्या वेचल्या हे सांगताना आवाज खाली करतो. भाड्याच्या घरासाठी जात लपवावी लागते, ती लाज लपवणाऱ्याची नाही, घरमालकाची आहे. पण स्वतःच्या मुलांपासून आजी लपवायची? असे मूल कॉलेजात गेले की कोणीतरी तोंडावर फेकतो, "तुम्हाला सगळे फुकट मिळाले." आणि त्याच्याकडे उत्तर नसते, कारण त्याला वाटते आपले कुटुंब थेट फ्लॅटमध्येच उगवले. एकशे साठ चौरस फुटांच्या बीडीडी खोलीत गावाकडची किती माणसे वळकटी टाकून राहिली, कोणी कोणाच्या फीचे पैसे भरले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला 'फुकट' हा शब्द ऐकून मान खाली घालावी लागत नाही.

"मागचे उगाळून काय मिळणार?" असे विचारणारे आपल्यातही आहेत. त्यांनी दामोदर जाधवांकडे पाहावे. नाशिकजवळच्या ओझरहून मुंबईत आलेला हा कामगार. जेमतेम लिहितावाचता येणारा. मुलाच्या आग्रहाखातर त्याने म्हातारपणी आठवणी लिहिल्या आणि त्यातून नरेंद्र जाधवांचे 'आमचा बाप आन् आम्ही' उभे राहिले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती घेत फिरल्या, म्हणून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' आले. त्या बोलत्या झाल्या नसत्या तर तो इतिहास त्यांच्यासोबतच गेला असता.

वेळ थोडा आहे. १९५६ साली जी मुलगी दहा वर्षांची होती, ती आज ऐंशीच्या आसपास आहे. बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. मोठे घर हा आपला हक्कच आहे, ते घ्यावेच. पण ट्रंकेतला गिरणीचा पास, रेशनकार्ड, दीक्षेच्या वेळचा फोटो रद्दीत देऊन घेऊ नये.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. या रविवारी मोबाईल घेऊन आजीसमोर बसा. गाव कोणत्या दिवशी सोडले, मुंबईत पहिली रात्र कोणाच्या खोलीत काढली, पहिला पगार किती, ७ डिसेंबर १९५६ ला घरातले कोण दादरला गेले, विचारा. ती रडली तर थांबा, गप्प बसली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. येत्या १४ एप्रिलला एक संध्याकाळ डीजे बंद ठेवून विहारात या म्हाताऱ्यांना खुर्चीवर बसवा आणि पोरांना समोर खाली बसवून ऐकवा.

कोतवाल बुकात आमची जात लिहिणारा कोणीतरी दुसरा होता. आमचा आजा कोण होता, हे आता आम्हीच लिहायचे आहे.

जयभीम!