थंडीची वाट कशाला?

"थंडी पडू द्या, मग पक्षी येतील." या आठवड्यात नागपुरातल्या अंबाझरी तलावाच्या बांधावर हे पुन्हा ऐकलं, तेही गळ्यात दुर्बीण असलेल्या माणसाकडून. राग आला. हिरवी तुतारी ऑगस्टातच विदर्भात उतरते. तिची मादी अनेकदा पिलं नरावर सोपवून आधीच दक्षिणेची वाट धरते. तलाव सध्या तुडुंब, चिखलाचा काठ पाण्याखाली. म्हणून ती तिथं दिसत नाही. मौदा-रामटेककडच्या धानाच्या बांध्यांत शोधा.

पक्षी कधी येतात, हे रोजच्या नोंदींतूनच कळतं. त्या कशा ठेवाव्यात, हे फेअर आयलकडून शिकावं. ऑर्कनी आणि शेटलंडच्या मधलं, जेमतेम पाच किलोमीटर लांबीचं स्कॉटिश बेट. 1948 मध्ये जॉर्ज वॉटरस्टन यांनी तिथं पक्षीवेधशाळा उभी केली. स्थलांतराच्या मोसमात रोज बेट पिंजून काढायचं आणि संध्याकाळी एकत्र बसून दिवसाची मोजणी वहीत चढवायची, हा तिथला शिरस्ता. मार्च 2019 मध्ये वेधशाळेची इमारत जळाली, नोंदी मात्र वाचल्या. ब्रिटनमधला पहिला पिवळ्या डोक्याचा धोबी याच बेटावर 1954 मध्ये नोंदला गेला. आता ऑगस्टअखेर तिथं एखादं राखाडी, पिवळ्याचा मागमूस नसलेलं पिल्लू उतरलं, तरी माणसं धावतात.

हा पक्षी खरं तर आपल्याकडे यायचा. रशियात जन्मून भारतात हिवाळा काढणाऱ्या धोब्यांपैकी वाट चुकलेला एखादा तिकडे पोचतो. त्या चुकलेल्याची तारीख वहीत आहे. वाट न चुकता दरवर्षी नागपुरात येणाऱ्यांचा पहिला दिवस आपण कुठं टिपतो? तो सप्टेंबरातच असतो, अशी माझी खात्री आहे. माझ्याजवळचा पुरावा तुटपुंजा आहे, आणि माझी तक्रारही तीच आहे.

आपला पक्षी सप्ताह 5 नोव्हेंबरला, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिनी सुरू होतो आणि 12 तारखेला, सालिम अलींच्या जन्मदिनी संपतो. दोघांविषयी मला अपार आदर आहे. पण तोवर धोबी तलावांवर स्थिरावलेले असतात आणि आगमनाचे दिवस निघून गेलेले असतात. पाऊस लांबतो आहे, रोवणी पुढं सरकते आहे. त्यानं तुतारीचं येणं बदललं का, हे आठवडाभराच्या मोजणीतून कसं कळणार? नोंदी पोळ्यापासून सुरू करा, हे मी दरवर्षी लिहितो. या रविवारी बांध्यांकडे जा. तारीख, वेळ, गाव आणि संख्या लिहा. एकही पक्षी दिसला नाही, तर तेही लिहा.