झाडावरील रखवालदार

बंगळूरच्या पूर्वेस 1882 मध्ये वसलेली व्हाइटफील्डची वसाहत आज इमारतींनी गजबजली आहे. तरी तेथील एखाद्या आंब्यावर पाने जोडून केलेले घरटे अजून आढळते. कोकणात ज्यांना ओंबील म्हणतात, त्या तांबड्या मुंग्यांचे हे काम होय. काही कामकरी मुंग्या पाने ओढून धरतात. इतर आपल्या अळ्या जबड्यांत धरून त्यांच्या रेशमाने ती सांधतात. हुकूम कोणीच देत नाही. राणी केवळ अंडी घालते.

या मुंग्या चावतात, रस शोषणारे काही किडेही पोसतात, हे खरे. परंतु त्या पुष्कळ कीड मारतात. म्हणूनच चीनमधील बागाइतदारांनी शतकानुशतके त्या संत्र्यांच्या झाडांवर मुद्दाम पाळल्या. दंशाच्या भयाने घरट्यावर विष फवारणे हा आमच्या मते अविचार होय. रखवालदारास मारून बाग राखता येत नाही.