कान मिटून लिहिलेली समीक्षा

एप्रिल 2023 मध्ये मराठी रॅप कुणी मन लावून ऐकले असेल, तर ते पोलिसांनी. राज मुंगासे यांच्या सत्तांतरावरील गाण्याबद्दल अंबरनाथला गुन्हा नोंदवला गेला, उमेश खाडे यांच्या 'भोंगळी केली जनता'बद्दल मुंबईत. मग वर्तमानपत्रांनी ओळी छापल्या, राजकीय पक्षांनी बाजू घेतल्या, साहित्यिकांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा मांडला. तो मांडायलाच हवा होता. परंतु ही गाणी गाणी म्हणून कशी आहेत, हे विचारण्याची गरज साहित्यविश्वात फारशी कुणाला भासली नाही.

ही सवय जुनी आहे. आम्ही हे प्रताप नगरात बसून लिहीत आहो. या शहरातील विद्यापीठाला ज्या राष्ट्रसंतांचे नाव आहे, त्यांनी खंजिरी वाजवून खेडीच्या खेडी जागी केली. आपल्या वर्गांत मात्र 'ग्रामगीता' पोचली, खंजिरी बाहेरच राहिली. दीक्षाभूमी येथून फार लांब नाही. विजयादशमीला तेथे भीमगीतांच्या कॅसेटी आणि पुढे सीड्या विकल्या गेल्या, पण वामनदादा कर्डकांचा विचार आपण करतो तो कवी म्हणून. चाल, ठेका, गळा हे सारे लोककलेच्या प्रकरणात ढकलून आपण मोकळे होतो.

आता रॅप आले, तर 'हा आजचा पोवाडा' असे म्हणून आपण न ऐकताच दाद देतो. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतात, डफ-तुणतुणे असते; 'जी जी' म्हणत ते त्याला दम घ्यायला उसंत देतात. रॅप करणारा पुष्कळदा एकटा असतो, आणि त्याच्यामागचे यंत्रावरचे आवर्तन त्याच्यासाठी थांबत नाही. श्वास कुठे घ्यायचा हा त्याच्या रचनेचाच प्रश्न होतो. हा फरक ज्याला ऐकू येत नाही, त्याने केलेली तुलना स्तुतीपर असली तरी निरुपयोगी आहे.

दुसरी गोष्ट यमकाची. मराठी वाक्याचे क्रियापद बहुधा शेवटी येते, त्यामुळे 'केला, गेला, मेला' हे यमक फुकटात मिळते. निम्मेअधिक नवे मराठी रॅप या फुकटच्या यमकावर जगते, असे आमचे मत आहे, आणि ते 'विद्रोही' असल्याने सांगायचे नाही हा संकेत आम्हांला मान्य नाही. चांगला रचनाकार क्रियापद ओळीच्या पोटात ढकलतो आणि नामावर येऊन आदळतो. 'स्वदेसी' या मुंबईच्या गटाचे 2019 सालचे 'द वारली रिव्होल्ट' घ्या. त्याविषयी बोलताना आरेचे जंगल येणारच. परंतु प्रकाश भोईर यांचा गाता आवाज आणि एमसी मवालीचे मराठी रॅप शेजारी येतात तेव्हा कानाला जे होते, ते जंगलाच्या प्रश्नाचा सारांश देऊन सांगता येत नाही. एक आवाज रेंगाळतो, दुसरा त्याला ओलांडून धावतो. गाण्यातले भांडण आम्हांला तेथे ऐकू येते.

दोष न दाखवणारी सहानुभूती ही एक प्रकारची दयाच होय, आणि या तरुणांनी ती मागितलेली नाही. तयार बीट विकत घेऊन त्यावर निबंध वाचला असेल, तर तसे लिहावे. केशवराव भोळे यांनी 'एकलव्य' या नावाने आपल्या काळच्या गायकांवर लिहिले ते गळ्याविषयी, लयीविषयी. गीतांचा आशय सांगून ते थांबले नाहीत.

'साहित्याच्या माणसाला तालातले काय कळणार?' असे कुणी प्राध्यापक म्हणतील. दरवर्षी 'छंदोरचना' पुढ्यात घेऊन बोटांवर मात्रा मोजणाऱ्यांनी हे म्हणावे, याची गंमत वाटते. सुरुवात 'भोंगळी केली जनता'पासून करता येईल. वर्गात शब्दांच्या छायाप्रती न वाटता ते तीनचार वेळा लावावे, आणि मुलांना विचारावे की आवाज कुठे चढतो, श्वास कुठे तुटतो, आणि कोणती ओळ केवळ यमकासाठी आली आहे.