भुताखेतांचे चित्रपट आणि आमचे अण्णा

खून, मारधाड आणि भुतेखेते यांनी भरलेले चित्रपट पाहण्याचा मला नाद आहे, ही गोष्ट वर्गात सर्वांना ठाऊक आहे. मराठीच्या बाईंना ती ठाऊक झाली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, साहित्याची विद्यार्थिनी ना तू?" असे त्या म्हणाल्या; आणि मग, का कोण जाणे, "बरं, त्यावरच लिही वार्षिकात," असेही म्हणाल्या. तेव्हा या लेखाचे अर्धे पाप त्यांच्या माथी. उरलेले अर्धे माझे.

प्रारंभ घरच्या मैदानावरून करते. २०२३ साली 'जवान' आला तेव्हा आमच्या गल्लीतली पोरे शाहरुख खानला पाहायला गेली नव्हती (असे ती सांगतात!), तर आपले मेट्रो स्थानक पाहायला गेली होती. वल्लभनगरजवळच्या संत तुकारामनगर स्थानकावर २०२१ मध्ये त्याचे चित्रीकरण झाले होते. मेट्रो लोकांसाठी सुरू झाली ती मार्च २०२२ मध्ये. म्हणजे आमच्या मेट्रोचे पहिले प्रवासी ओलीस धरलेलेच होते म्हणायचे! पडद्यावर ती मुंबईची मेट्रो म्हणून मिरवते. टकला शाहरुख १९६२ च्या 'बीस साल बाद' या जुन्या भयपटातल्या गाण्यावर तिच्यात नाचतो आणि आमची रांग "अरे, आपलं स्टेशन!" म्हणून ओरडते. पण पुढे ट्रॅक्टरचे कर्ज फेडता न आल्याने शेतकरी जीव देतो, तो प्रसंग आला आणि शिट्ट्या थांबल्या. आमच्या भागातली किती कुटुंबे बीड, लातूर, उस्मानाबादेकडची शेती मागे टाकून इथे आली आहेत, हे मी सांगायला नको. त्या दोन मिनिटांत थिएटरात जी शांतता पसरली, ती एकाही बंदुकीला पसरवता आली नाही.

त्याच वर्षी १ डिसेंबरला 'ॲनिमल' आला. सव्वातीन तासांहून मोठा! त्यात उपेंद्र लिमये येतो आणि 'डॉल्बीवाल्या'च्या तालावर कुऱ्हाडी चालतात, तेव्हा मराठी माणूस म्हणून ऊर भरून यावा की डोके दुखावे, हे मला समजेना. पण शंभर माणसे मेली तरी एकाच्याही घरी रडारड नाही. मेलेला माणूस म्हणजे जणू मोजायचा नग. याच्या उलट २०२४ मध्ये प्रदर्शित झालेला 'किल'. सगळी मारामारी धावत्या रेल्वेत, आणि रक्तपात 'ॲनिमल'ला लाजवील असा. पण त्यातले दरोडेखोर एकमेकांचे काका-पुतणे आहेत. एक मेला की दुसरा हंबरडा फोडतो. त्यामुळे नायकाचा प्रत्येक घाव आपल्यालाही लागतो. मारधाडपट वाईट नसतो. मेलेल्याला किंमत नसलेला मारधाडपट वाईट असतो, असे माझे मत आहे.

आता भुतांकडे वळू. 'मुंज्या' (२०२४) पाहून मी हसले पुष्कळ, भ्याले थोडी. सुहास जोशींची आजी गोड आहे, पण भूत एकदा पुरते दिसले की त्याचा दरारा संपतो. 'लपाछपी' (२०१७) मात्र आजही रात्री आठवतो. उसाचा फड, गरोदर बाई आणि वाट न सापडणे! त्यातले खरे भूत म्हणजे मुलगी नको म्हणणारे घर. 'तुंबाड' २०१८ साली आला तेव्हा फारसा कुणी पाहिला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. नारायण धारपांच्या भयकथेतून त्याचे बीज आले, याचा आम्हां मराठीच्या विद्यार्थ्यांना अभिमान वाटलाच पाहिजे. त्यातला हस्तर भयंकर आहे खरा, पण त्याच्या लंगोटीतल्या मोहरांसाठी पुनःपुन्हा विहिरीत उतरणारा माणूस त्याहून भयंकर आहे. आणि 'झोंबिवली' (२०२२)! लोक त्याला विनोदी समजून विसरले. पण एका बाजूला उंच इमारती, दुसऱ्या बाजूला झोपडपट्टी आणि मधे पाण्याचा घोटाळा, हे चित्र डोंबिवलीपुरते आहे असे चिखलीत किंवा भोसरीत राहणाऱ्या कुणी तरी म्हणून दाखवावे.

एवढे चित्रपट पाहून मला एक गोष्ट कळली. चांगल्या भयपटात भूत माणसानेच घरात आणलेले असते. आल्फ्रेड हिचकॉक याने रहस्यपटाचे मर्म एका उदाहरणाने समजावले होते. टेबलाशी माणसे गप्पा मारीत बसली आहेत आणि अचानक बॉम्ब फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असेल, तर त्याच साध्या गप्पा ऐकताना त्याचा जीव टांगणीला लागतो. भीती स्फोटात नसते. ठाऊक असण्यात असते.

आणि इथेच माझी हिंदी मारधाडपटांविरुद्ध एक जुनी तक्रार आहे. शेवटची मारामारी नेहमी कारखान्यात का? साखळ्या लोंबत आहेत, वाफ सुटते आहे, पिंपे फुटत आहेत आणि कामगार म्हणाल तर एकही नाही! आमच्या पट्ट्यात कारखाना म्हणजे वडील सकाळी डबा घेऊन जातात ती जागा. 'ॲनिमल' लागल्याला जेमतेम आठवडा झाला होता, ८ डिसेंबर २०२३ रोजी, तेव्हा आमच्या तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या चमचमत्या मेणबत्त्या बनवणाऱ्या जागेत आग लागली. कामावरच्या कित्येक बायका त्यात गेल्या. त्या आठवड्यात मैत्रिणी मला म्हणाल्या, "चल गं, पुन्हा बघू." माझे पाऊल उचलले नाही. पडद्यावर फुटणाऱ्या पिंपांना पाहून शिट्टी मारणारी मीच होते ना!

आता अण्णांविषयी. अण्णा म्हणजे माझे वडील. दुसरी पाळी करून आले की जेवतात आणि आम्ही लावलेला भयपट पाहता पाहता पाच मिनिटांत घोरू लागतात. 'लपाछपी'त आई देवाचे नाव घेत होती. अण्णा घोरत होते. 'तुंबाड'मध्ये हस्तर प्रकटला. अण्णांनी कूस बदलली. या माणसाला भीती म्हणून ठाऊक नाही, असे आम्हां भावंडांचे ठाम मत होते.

अण्णांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके नाहीत. लहानपणी आम्ही विचारले की ते म्हणत, "मांजरानं खाल्ली." पुढे आम्ही विचारणे सोडले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत टीव्हीवर 'काला पत्थर' लागला होता. १९७९ चा चित्रपट. १९७५ च्या डिसेंबरात धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी शिरून पावणेचारशेच्या आसपास कामगार बुडाले, त्या घटनेवरून सुचलेला. त्यात भूत नाही, रहस्यही नाही. भिंतीपलीकडे पाणी आहे हे इंजिनियरला ठाऊक आहे, मालकालाही ठाऊक आहे, तरी कोळसा काढणे चालूच आहे. अगदी हिचकॉकचे टेबल! मी सहज मागे वळून पाहिले तर अण्णा जागे होते. सरळ बसले होते. पाणी शिरले तेव्हा त्यांनी तो हात दुसऱ्या हाताखाली घेतला.

चित्रपट संपल्यावर त्यांनी आपण होऊन सांगितले. भोसरीच्या एका लहान वर्कशॉपमध्ये ते पॉवर प्रेसवर होते. प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच वरचा भाग खाली येतो. हात बटणांवर असले की डायमध्ये सापडत नाहीत. पण त्यात वेळ जातो. पीस कमी निघतात. म्हणून एक बटण पत्र्याचा तुकडा खुपसून कायमचे दाबून ठेवायचे. एक हात मोकळा राहतो, पत्रा सरकवायला.

"सगळ्यांना ठाऊक होतं?" मी विचारले.

"सगळ्यांना. सुपरवायझर म्हणाला लाव, आणि तो तुकडा मीच लावला होता," अण्णा म्हणाले. "कागदावर लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. मी सही केली. डाव्या हातानं."

घरात कुणी बोलले नाही. मांजराची गोष्ट आम्हांला भीती वाटू नये म्हणून होती असे मी आजवर समजत होते. ती अण्णांना लाज वाटत होती म्हणून होती. ज्या तुकड्यासाठी दुसऱ्याने लाजायला हवे होते, त्याची लाज हा माणूस इतकी वर्षे एकटा बाळगून होता.

मित्रहो, आमच्यापैकी कित्येकांच्या घरी असे एक मांजर असेल. निगडी-आकुर्डीपासून चाकणपर्यंत गाड्यांचे भाग बनतात, आणि पत्रा दाबणारे हात आपल्याच घरचे असतात. आपण मात्र भीती विकत घ्यायला मल्टिप्लेक्सात जातो! मी जाणे सोडणार नाही. नाद तो नाद. पण यापुढे चित्रपट पाहून आले की एक प्रश्न स्वतःला विचारणार आहे: याने मला नुसते दचकवले, की टेबलाखाली काय आहे तेही दाखवले? आणि आपल्यात जी कथा लिहिणारी मंडळी आहेत, त्यांनी हवेल्या आणि स्मशाने जरा बाजूला ठेवून घरच्या माणसाला एकदा विचारावे. पण तो सांगेल तेव्हा मधे बोलू नये.

माझा धाकटा भाऊ आय.टी.आय. करून नुकताच चाकणला शिकाऊ म्हणून लागला. पहिल्या दिवशी आई त्याला दहीसाखर देत होती. अण्णा चपला घालता घालता एवढेच म्हणाले, "मशीनवर उभं करतील तेव्हा आधी बघ, दोन्ही बटणं चालतात का. चालत नसली तर परत ये. मी आहे."

— तृतीय वर्ष, कला (मराठी)